टेकू कोणी काढायचे?

ज्या खोलीत बसून मी हे लिहितेय, तिचा स्लॅब पडला त्या दिवशी बाबांनी आत्याला फोन लावला आणि छाती फुगवून सांगितलं, "आपला स्लॅब पडला गं आज!"

पलीकडून अशी किंकाळी आली, की अंगणात धडधडणाऱ्या काँक्रीट मिक्सरलाही आपण कमी पडतोय असं वाटलं असावं.

"अगंबाई! कुणाला लागलं का रे दादा?"

"लागेल कशाला? सगळे मजेत चहा पितायत."

"छत कोसळलं आणि चहा पिताय? वहिनी कुठेय? आधी वहिनीला फोन दे!"

बाबांनी फोन माझ्या हातात कोंबला. "सांग तिला समजेल असं. तू शिकलेली आहेस."

मी समजावलं. बांधकामवाल्यांच्या भाषेत स्लॅब पडला म्हणजे काँक्रीट ओतून झालं, काम सुखरूप पार पडलं. इतर माणसांच्या भाषेत पडला म्हणजे पडला. बाबा कंत्राटदार, सगळा जन्म लोकांची घरं बांधत पहिल्याच भाषेत बोलत आलेले. आमच्या घरातले निम्मे गैरसमज या एका कारणानं होत. उरलेले निम्मे मिस्त्रींमुळे.

मिस्त्री म्हणजे बाबांचे गवंडी. मला कळायला लागल्यापासून दोघं एकत्र काम करत होते आणि एकत्र भांडत होते. बाबा म्हणत, "मी उभा नसलो तर या माणसाला एक भिंत सरळ बांधता येणार नाही!" मिस्त्री म्हणत, "साहेबांना म्हणावं एक वीट लावून दाखवा, मिशी उतरवतो!" गंमत अशी, की बाबांना खरोखरच वीट लावता येत नसे, आणि मिस्त्रींना गिऱ्हाइकाशी दोन वाक्यं बोलायची म्हटली तर घाम फुटे. त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी दोघं एकमेकांचं तोंड पुन्हा बघणार नाही अशा शपथा घेऊन कायमचे वेगळे होत. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री फाटकात हजर!

"कशाला आलात?" दोन कप चहा घेऊन बाबा विचारत.

"थापी राहिली होती."

ती थापी मिस्त्री भांडणाच्या दिवशी मुद्दाम विसरून जातात, हे आमच्या मांजरालाही माहीत होतं.

या जोडगोळीत तिसरी मी. मी आर्किटेक्ट. म्हणजे एका मोठ्या ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या मोठमोठ्या इमारतींचे जिने आणि संडास काढायचे. खाली सही साहेबांची. बाबांना ते बघवत नसे. म्हणून त्यांनी ठरवलं, की घरापुढच्या अंगणात एक खोली काढायची, त्यात माझं ऑफिस थाटायचं, दारावर माझ्या नावाची पाटी लावायची. "लोक तुझ्याकडे आले पाहिजेत! काय?"

मी म्हटलं, "बघू."

"झालं! लावला टेकू!"

हा टेकू इथेच समजावून सांगायला हवा, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरच उभं आहे. ओल्या स्लॅबला स्वतःचं वजन पेलत नाही. म्हणून त्याच्याखाली माणसाहून उंच लोखंडी टेकूंचं रान उभं करतात. तीनेक आठवड्यांत काँक्रीट कमावलं की टेकू काढायचे. मग स्लॅब आपला आपण उभा राहतो. बाबांचं म्हणणं असं, की माझं एकही वाक्य आपलं आपण उभं राहत नाही. "बहुधा, कदाचित, हरकत नसावी, बघू! अगं, तुझ्या बोलण्यात टेकू फार! एकदा काढून तर बघ. पडत नाही वाक्य!"

"बहुधा नाही पडणार," मी म्हणायची. ते कपाळाला हात लावायचे.

तर खोलीचं काम निघालं आणि खोलीला तीन मालक झाले. जिचा नकाशा ती, ज्याचा खर्च तो आणि ज्याच्या हातात थापी तो. नकाशात मी खिडकी डावीकडे दाखवली. बाबा म्हणाले, "उजवीकडे घ्या, वारा तिकडून येतो." मी म्हटलं, उजेड डावीकडून येतो. आम्ही दोघं आत जाऊन नकाशावर वाद घालून, दमून बाहेर आलो, तर मिस्त्रींनी भिंतीच्या बरोब्बर मधे खिडकी सोडून वरपर्यंत विटा चढवल्या होत्या.

"हे काय केलंत?" आम्ही एकदमच ओरडलो.

"दोघांचाही मान राहिला," मिस्त्री म्हणाले आणि तंबाखू मळायला बसले.

बाबांचा आणखी एक रिवाज होता. स्लॅबखालचे टेकू काढायच्या दिवशी ते स्वतः स्लॅबच्या खाली, बरोबर मधोमध, हात पाठीमागे बांधून उभे राहत आणि मोठ्यानं एकच शब्द म्हणत, "सोडा!" त्याआधी टेकूला कुणी बोट लावलेलं चालत नसे. "जो सोडा म्हणेल त्यानं खाली उभं राहायचं. लांब उभं राहून कुणीही शहाणपणा सांगेल!" लहानपणी मी आईचं बोट धरून रस्त्यापलीकडून हे बघायची. आई डोळे मिटून घ्यायची. मी नाही मिटायची.

तर स्लॅब पडला त्या दिवशी काँक्रीटची शेवटची घमेली वर चढत होती. मिस्त्री गमबूट घालून स्लॅबच्या कडेला उभे. खाली बाबा, आणि त्यांच्या पाठीमागे नकाशाची गुंडाळी छातीशी धरून मी. मधे मिक्सर दगड चावत बसलेला. बाबा पुढच्या आठवड्यापासून महिनाभर आत्याकडे आरामाला जाणार होते, म्हणून त्यांनी तोंडाशी हातांचा कर्णा करून मिस्त्रींना ताकीद दिली, "मिस्त्री! टेकूला हात लावायचा नाही! मी नसलो, तर हिनं सांगितलं..." मग घर्रर्र, खडखड, घर्रर्र, "...नाही!"

हिनं सांगितलं तरी नाही!

मला असंच ऐकू आलं. वर सगळे मजूर खो खो हसले. मिस्त्रींनी हात कपाळाला लावून सलाम ठोकला. माझे कान तापले. माझ्यासाठी खोली, माझा नकाशा, दारावर माझी पाटी, आणि माझ्या शब्दाची किंमत ही! पण रागवायचं तरी कसं? बाबा वळले तेव्हा त्यांच्या भुवयांवर सिमेंट बसलं होतं आणि ते लहान मुलासारखे खूश दिसत होते.

"कसा पडला स्लॅब?"

"बरा वाटतोय," मी म्हटलं.

"वाटतोय!" ते हसत चहाला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्लॅबला पाणी मारायला शिडीनं वर चढले, पाणी मारून खाली उतरले, खुर्चीत बसले आणि त्यांनी आईकडे चहा मागितला. आई चहा घेऊन आली तोवर ते गेले होते.

आत्याला मीच फोन केला. फोन उचलताच ती हसत म्हणाली, "आता काय पडलं?"

मी सांगितलं. या वेळी दोन्ही भाषांत अर्थ एकच होता.

दुपारी घर माणसांनी भरलं होतं आणि वरून पाण्याचा आवाज येत होता. कुणीतरी म्हणालं, निदान आज तरी काम बंद ठेवायचं. मी बाहेर जाऊन बघितलं. मिस्त्री एकटेच स्लॅबवर उभे राहून पाणी मारत होते.

"त्याला हे कळत नाही ना, ताई," ते म्हणाले. "त्याला पाणी लागतंच."

तर आता टेकू.

आमच्या घरात शिरायचं दार एकच, आणि ते या नव्या खोलीतून. म्हणजे भेटायला येणाऱ्या प्रत्येक माणसाला त्या लोखंडी रानातून वाट काढत यावं लागे. दुःख व्यक्त करायला आलेला माणूस आधी वाकायचा, मग तिरका व्हायचा, मग पोट आत घ्यायचा, आणि आईसमोर पोचेपर्यंत त्याचं ठरवून आणलेलं वाक्य वाटेत कुठेतरी पडलेलं असायचं. बाबांचं एक जुनं गिऱ्हाईक ताडमाड उंच. त्यांचं डोकं टेकूच्या तिरक्या पट्टीवर असं काही आपटलं की त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "किती जीव होता यांचा दादावर!" म्हणत आत्यानं पदर डोळ्यांना लावला. ते बिचारे टेंगूळ चोळत "फार... फार..." एवढंच म्हणत राहिले.

आत्या राहायलाच आली होती. तिनं दुसऱ्याच दिवशी या टेकूपासून त्या टेकूपर्यंत दोऱ्या बांधून कपडे वाळत घातले. आईनं एका टेकूला पिशव्या अडकवल्या. मांजरानं एक टेकू नखं घासायला घेतला. तीन आठवडे होऊन गेले आणि मला वाटायला लागलं, की आता हे काढले नाहीत तर पुढच्या वर्षी यांना पालवी फुटेल!

"त्यात काय एवढं!" मी आईला आणि आत्याला तोऱ्यात सांगितलं. "टेकू काढणं म्हणजे एका दुपारचं काम. मी करून घेते सगळं!"

पण करून घेणार कसं? मिस्त्रींना मी सांगून उपयोग नव्हता. हिनं सांगितलं तरी नाही! बाबांचा शब्द म्हणजे मिस्त्रींना काळ्या दगडावरची रेघ. आणि 'तुम्हाला बाबांनी तसं सांगितलंय का हो?' असं विचारून तेच वाक्य पुन्हा एकदा, मिक्सर बंद असताना ऐकायची माझी तयारी नव्हती. म्हणून मी ठरवलं, दुसऱ्या कुणाकडून तरी सांगायचं.

पहिला बळी सेंटरिंगवाला. टेकू त्याचेच, भाड्यानं आणलेले. त्याला मी फोन केला. "तुम्ही तुमचे टेकू न्यायला हरकत नसावी."

"न्यायला हरकत नसावी?" तो उसळला. "अहो मॅडम, माझं पुढच्या साइटचं काम अडलंय! मी रोज मिस्त्रींना फोन करतोय. ते देत नाहीत!"

टेंपो घेऊन तो आलाच. मिस्त्री पायरीवर बसले होते. ते रोज सकाळी येत, स्लॅबखालून एक चक्कर मारत, टेकूंवर टिचक्या मारत आणि पायरीवर बसून राहत.

"मिस्त्री, काढायचे ना?"

"ज्यांनी सांगायचं त्यांनी सांगितलं, की लगेच."

"कुणी सांगायचं?"

"साहेबांनी नेमून दिलंय. त्या शब्दाशिवाय नाही."

सेंटरिंगवाल्यानं उघड्या दारातून आत बघितलं. भिंतीवर बाबांचा फोटो होता. त्यानं फोटोकडे बघितलं, मिस्त्रींकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मिस्त्री... ते आता कसे सांगणार?"

मिस्त्रींना कमी ऐकू येतं. सगळी उमर मिक्सरशेजारी गेली. ते शांतपणे म्हणाले, "सांगतील, सांगतील. दुःखातून जरा सावरू द्या. घाई कसली?"

सेंटरिंगवाल्याच्या अंगावर काटा आला. तो टेंपो रिकामाच घेऊन परत गेला आणि जाताना वाटेत जेवढी दुकानं लागली तेवढ्यांत सांगत गेला, की मिस्त्री वरून निरोप यायची वाट बघतायत!

हे आत्याच्या कानावर गेलं. आत्याला ते अजिबात अशक्य वाटलं नाही. "दादा काम अर्धवट टाकणारा नव्हताच," ती म्हणाली आणि तिनं टेकूंच्या मधे खुर्ची टाकली. तिथे वायर लोंबकळणारा एक तात्पुरता दिवा होता. टेकूला धक्का लागला की तो फडफडायचा.

"दादा, टेकू काढू का रे?"

मांजर टेकूला अंग घासून गेलं. दिवा फडफडला.

"हो म्हणाला!" आत्या ओरडली. "का नाही म्हणाला? दादा, नीट एकदा सांग! एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही!"

दिवा सात-आठ वेळा फडफडला आणि गेला.

"चिडला," आत्या म्हणाली. "लहानपणापासून असाच."

मग मी इंजिनियरला बोलावलं. या स्लॅबमधल्या लोखंडाचा हिशेब त्यानंच केला होता. तरुण मुलगा, कॉलेजातून बाहेर पडल्यावर बाबांच्याच साइटवर पहिले धडे गिरवलेला. त्यानं हातोडीनं स्लॅब ठोकून बघितला, कान लावला, मान डोलावली. "एकदम खणखणीत! टेकू अजून का ठेवलेत?"

"मिस्त्री काढत नाहीत. तुम्ही सांगून बघा ना, बहुधा तुमचं ऐकतील."

त्यानं रुबाबात सांगितलं, "मिस्त्री, टेकू काढा."

"तुम्ही सांगून नाही चालणार," मिस्त्री तितक्याच अदबीनं म्हणाले. "साहेब तसं सांगून गेलेत."

इंजिनियरचा चेहरा बदलला. "खुद्द साहेबांनी? मी सांगूनसुद्धा नाही म्हणाले?" तो विचारात पडला. त्यानं पुन्हा एकदा वर बघितलं. मग खुर्ची उचलली आणि हळूच स्लॅबच्या बाहेर, अंगणात नेऊन ठेवली. "मॅडम, साहेब उगाच काही बोलायचे नाहीत. काहीतरी असणार. मला दिसत नसेल, पण काहीतरी असणार. राहू द्यात तूर्त."

"पण तुम्ही आत्ताच खणखणीत म्हणालात!"

"माझ्या मते खणखणीत आहे. साहेबांच्या मते काय आहे ते साहेबच जाणे!"

बाबा असताना जेवढं त्यांचं ऐकत नव्हते, तेवढं आता सगळं गाव त्यांचं ऐकत होतं! इंजिनियरनं खुर्ची हलवलेली समोरच्या गॅलरीतून दिसली आणि दिवस मावळायच्या आत बातमी झाली, की यांचा स्लॅब पडणार. या खेपेला दुसऱ्या भाषेत! भेटायला येणारे फाटकातूनच हात जोडायला लागले. पार्सलवाला पार्सल लांबून फेकून पळाला. दूधवाला फाटकाच्या आत पाऊल टाकेना. "काकू, तुम्हीच भांडं घेऊन या, मला लहान मुलं आहेत," असं त्यानं आईला तोंडावर सांगितलं. आई रोज त्या रानातून भांडं घेऊन जायची आणि दूध घेऊन यायची. एकदा ती एका टेकूवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "हे सगळे गेले की खोली फार मोकळी दिसेल, नाही?"

मी "बहुधा" म्हटलं आणि आत गेले.

शेवटी एका संध्याकाळी सेंटरिंगवाल्याचा धीर सुटला. तीन माणसं आणि टेंपो घेऊन तो घुसलाच. "वरून निरोप यायचा तेव्हा येवो! मी माझं सामान नेतो!" त्यानं कडेचा एक टेकू दोन्ही हातांनी धरला. मिस्त्रींनी तोच टेकू पलीकडून धरला. काहीतरी गडबड आहे असं वाटून आत्यानं मिस्त्रींना धरलं. नेमका त्याच वेळी इंजिनियर आपली विसरलेली हातोडी न्यायला आला होता. तो "थांबा, थांबा! हिशेबानं ओढा!" म्हणून मधे पडला. त्या टेकूला आत्याची कपड्यांची दोरी बांधलेली आहे हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

टेकू निसटला. ठाण्ण! खोलीभर घंटा वाजवावी तसा आवाज झाला. दोरी तुटली, ओल्या चादरी पांढऱ्या ढगासारख्या खाली आल्या आणि चादरीखालून इंजिनियरचा आवाज आला, "पडला! पडला! स्लॅब पडला!"

मग काय विचारता! सेंटरिंगवाला आणि त्याची माणसं टेंपोच्या पलीकडे. इंजिनियर चादरीसकट रस्त्यावर. आत्या आईला ओढत स्वयंपाकघरात. मांजर समोरच्यांच्या गॅलरीत. आणि मी? मला बाहेर पळायचं होतं. पण दारातून समोर फोटो दिसला आणि माझे पाय बाहेर जायच्या ऐवजी आत आले, बरोबर स्लॅबच्या मधोमध. मी वर बघितलं.

काहीही झालं नव्हतं. एक तडा नव्हता, एक कण गळला नव्हता. स्लॅब आपला शांत, करडा, आडवा. आणि भिंतीला पाठ लावून मिस्त्री, तसेच शांत.

"त्याला काही होत नाही, ताई," ते म्हणाले. "तो कधीचा तयार आहे."

"मग काढत का नाही?" मी ओरडले. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदाच ओरडले होते.

मिस्त्रींनी माझ्याकडे चकित होऊन बघितलं. "तुम्ही सांगत का नाही?"

"मी? मी सांगून काय उपयोग? बाबांनीच सांगितलं होतं ना तुम्हाला! मी नसलो, तर हिनं सांगितलं तरी नाही!"

"तरी?" मिस्त्रींची मिशी थरथरली. "तरी कुठलं, ताई? साहेब म्हणाले, मी नसलो, तर हिनं सांगितल्याशिवाय नाही!"

मी शेजारचा टेकू धरला.

"सांगितल्याशिवाय," ते पुन्हा म्हणाले. "मी रोज येऊन पायरीवर बसतोय. आज सांगतील, उद्या सांगतील. दुःखातल्या माणसाला आठवण तरी कशी करायची? पण तुम्ही सेंटरिंगवाल्याला पाठवता, इंजिनियरला पाठवता. मला वाटलं, ताईंना हा स्लॅब पसंत नाही. खिडकीवरून रागावल्या असतील."

"पण तुम्हाला ऐकू येत नाही, मिस्त्री! आणि मिक्सर चालू होता!"

"मिक्सर चालू असताना कानानं कोण ऐकतं? मी तोंडाकडे बघतो. तुम्ही त्यांच्या पाठीमागे होता, मी समोर होतो."

"मग सगळे हसले का?"

"वर एका मजुराचा, गणप्याचा, बूट काँक्रीटमधे अडकून पाय तेवढा बाहेर आला म्हणून." त्यांनी वर बोट केलं. "बूट काढला हं. आत नाही राहिला."

एक शब्द! मिक्सरनं एका शब्दाची शेपटी चावून टाकली आणि इतके दिवस मी स्वतःच्याच खोलीत पाहुण्यासारखी वाकून ये-जा करत होते. त्यांनी मला डावललं नव्हतं. किल्ली माझ्या हातात ठेवून ते हसत चहाला गेले होते.

मिस्त्रींनी चादरी गोळा करून खिडकीत ठेवल्या, मधल्या खिडकीत. मग दोन टेकूंच्या मधे जाऊन, हातोडा हातात घेऊन उभे राहिले आणि वाट बघू लागले. बाहेरचे सगळे दारातून डोकी काढून बघायला लागले. आत्याच्या मागून आई पुढे आली आणि उंबऱ्यात थांबली.

मी घसा खाकरला. "मिस्त्री, मला वाटतं, आता बहुधा सोडायला हरकत..."

"ताई," मिस्त्री हळूच म्हणाले. "टेकू."

दाराबाहेर कुणीतरी फिसकन हसलं. मी हात पाठीमागे बांधले. "सोडा," मी म्हटलं. पण अगदी पुटपुटल्यासारखं.

"काय म्हणाली?" आत्यानं विचारलं. "सोडा? पोटात दुखतंय का गं तुझ्या? घरात सोडा नाहीये, लिंबू पिळून आणू?"

आणि आई हसली. मोठ्यानं, तोंडावर हात न ठेवता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता ती उंबरा ओलांडून आत आली, चादरींशेजारून, स्लॅबखाली, माझ्या बाजूला उभी राहिली. या खेपेला तिनं डोळे मिटले नाहीत.

मी वर बघितलं. मग समोर, फोटोकडे. त्या फोटोत त्यांच्या भुवयांवर सिमेंट नव्हतं; फोटो काढायला म्हणून तोंड धुऊन बसलेले. मला एकदम वाटलं, ते आत्ता विचारतील, कसा पडला स्लॅब?

"चांगला पडलाय, बाबा," मी म्हटलं. "वाटतोय नाही. आहे."

आणि मग छातीत होती नव्हती तेवढी सगळी हवा भरून घेतली आणि ओरडले, "सोडा!"

आवाज एवढा मोठा निघाला, की मिस्त्रींचा हातोडा टेकूपर्यंत पोचायच्या आधी, फाटकाबाहेर दूधवाल्यानं हातातली किटली सोडली.